अर्ध्यावर राहिलेले सामने



देशांत कोठें दंगा उसळला, किंवा लोकांनीं राज्यकर्त्यांविरुद्ध चळवळ आरंभिली, म्हणजे वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर त्याची सविस्तर हकीकत येते. आणि शेवटच्या पानाच्या एका कोपऱ्यांत दीड ओळ छापलेली असते, कीं अमुक स्पर्धेचे उरलेले सामने रद्द करण्यांत आले आहेत. ही दीड ओळ बहुतेक वाचक वाचीत नाहींत, आणि जे वाचतात त्यांनाहि तींत कांहीं विशेष आढळत नाहीं. माणसें मरत असतां चेंडूची काळजी कोणी करावी, असें सहजच मनांत येतें, आणि तें चूक आहे असें मी म्हणणार नाहीं. तथापि ज्याचा सामना रद्द झाला त्या खेळाडूचें पुढें काय झालें, हा प्रश्न मला पुष्कळ वर्षें सोडीत नाहीं. त्याचें कारण मी शेवटीं सांगणार आहें. तत्पूर्वीं कांहीं जुन्या हकीकती आपल्यापुढें ठेवतों.

आपल्या महाराष्ट्रांत ह्या प्रकारचें सर्वांत ठळक उदाहरण मुंबईच्या चौरंगी क्रिकेट सामन्यांचें होय. १८९२ सालीं युरोपियन व पारशी ह्यांच्यांत हे सामने सुरू झाले. १९०७ सालीं हिंदूंचा संघ त्यांत आला, १९१२ सालीं मुसलमानांचा आला, आणि सामने चौरंगी झाले. पुढें १९३७ सालीं ख्रिस्ती, ज्यू वगैरे मंडळींचा 'इतर' म्हणून पांचवा संघ आल्यावर लोक त्यांना पंचरंगी म्हणूं लागले. आपल्या सांगलीचे विजय हजारे ख्रिस्ती असल्यामुळें ह्या 'इतर' संघांतून खेळत, आणि १९४३ च्या अंतिम सामन्यांत त्यांच्या संघाच्या ३८७ धांवांपैकीं ३०९ धांवा एकट्या हजाऱ्यांनीं काढल्या. त्यांचे बंधु विवेक दुसऱ्या बाजूस उभे होते. दोघांच्या भागींत ३०० धांवा झाल्या, त्यांत विवेक ह्यांच्या २१! अशा गोष्टी ज्या स्पर्धेंत घडत, तिच्यासाठीं मुंबई शहर आपलीं कामें सोडून मैदानाकडे लोटे ह्यांत नवल काय?

धर्मावरून संघ पाडण्याची ही पद्धत चांगली होती असें मात्र कोणी समजूं नये. शिवाय संघाच्या आंतहि भिंती होत्याच. चर्मकार समाजांत जन्मलेले बाळू पालवणकर ह्यांनीं आपल्या गोलंदाजीनें हिंदु संघास कित्येक विजय मिळवून दिले, परंतु ह्या सामन्यांत संघाचें नायकत्व त्यांना कधीं देण्यांत आलें नाहीं. तें त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल ह्यांना १९२३ सालीं मिळालें, आणि त्याच वर्षीं हिंदु संघ विजयी झाला. हा विषय एका स्वतंत्र भाषणाचा आहे, म्हणून येथें इतकेंच पुरे.

१९२९ सालची स्पर्धा हिंदु संघानें जिंकली. ज्यांचा जम नुकताच बसला होता असे खेळाडू पुढील वर्षाची वाट पाहूं लागले, आणि पुढील वर्ष आलेंच नाहीं. १२ मार्च १९३० रोजीं महात्मा गांधी साबरमतीहून दांडीकडे निघाले आणि ६ एप्रिल रोजीं त्यांनीं मीठ उचललें. मुंबईंत वडाळ्याच्या मिठागरांवर लोकांच्या झुंडी चालून जाऊं लागल्या. ज्या विस्तीर्ण मैदानाच्या टोकास बॉम्बे जिमखान्याची हिरवळ आहे, त्याच एस्प्लनेड मैदानावर जून महिन्यांत सत्याग्रही स्त्रीपुरुषांवर लाठ्या चालल्या. त्या मैदानास पुढें आझाद मैदान असें नांव मिळालें. १२ डिसेंबर रोजीं काळबादेवीस परदेशी कापडाच्या मोटारीपुढें बाबू गेनू हा आंबेगांव तालुक्यांतला गिरणी कामगार आडवा झाला आणि चिरडला गेला. हेच दिवस एरव्हीं चौरंगी सामन्यांचे असत. अशा वेळीं त्याच मैदानावर मांडव घालून, तिकिटें लावून, युरोपियनांच्या संघाशीं खेळावयाचें, ही कल्पनाच लोकांस सहन होण्यासारखी नव्हती. हिंदु जिमखान्याच्या पुष्कळ सभासदांचा ओढा उघडपणें चळवळीकडे होता. स्पर्धा भरली नाहीं. ती १९३१ सालीं भरली नाहीं, १९३२ सालीं नाहीं, आणि १९३३ सालींहि नाहीं. इंग्लंडच्या एम. सी. सी. संघाचा १९३०-३१ च्या हिंवाळ्यांत ठरलेला दौराहि असाच बारगळला.

चार वर्षें! बोलतांना हा आंकडा लहान वाटतो. शाळामास्तर ह्या नात्यानें मी तो निराळ्या रीतीनें मोजतों. माझ्या वर्गांत पहिलींत आलेलें मूल चार वर्षांत पांचवींत जातें. ज्याचें वय अठ्ठावीस आहे तो खेळाडू बत्तीस वर्षांचा होतो. क्रिकेटच्या फलंदाजाचीं उत्तम वर्षें कोणतीं, असें कोणाहि जाणत्यास विचारा. तो हींच वर्षें सांगेल.

आतां तीन माणसांची गोष्ट ऐका. पहिले लक्ष्मीदास पुरुषोत्तमदास जय, ज्यांना सर्वजण एल. पी. जय म्हणत. जन्म १९०२, मुंबईचे, हिंदु संघाचे अत्यंत डौलदार फलंदाज. दुसरे जनार्दन नवले. जन्म १९०२ चाच, फुलगांवचे, यष्टिरक्षक आणि सलामीचे फलंदाज. तिसरे विजय मर्चंट, जन्म १९११, म्हणजे ह्या दोघांहून नऊ वर्षांनीं लहान. १९३२ सालीं हिंदुस्थानचा संघ पहिला अधिकृत कसोटी सामना खेळण्यासाठीं इंग्लंडास जावयाचा होता. त्याच वर्षाच्या जानेवारींत गांधीजी पुन्हां तुरुंगांत गेले होते. राष्ट्राचे पुढारी कोठडींत असतां आपण विलायतेस खेळावयास जावें हें जय ह्यांच्या मनास पटलें नाहीं, आणि वीस वर्षांच्या मर्चंटांच्याहि मनास पटलें नाहीं. दोघांनींहि जाण्याचें नाकारलें. नवले गेले. २५ जून १९३२ रोजीं लॉर्ड्सच्या मैदानावर तो सामना सुरू झाला, आणि कसोटी क्रिकेटमध्यें हिंदुस्थानच्या वतीनें पहिला चेंडू खेळण्याचा मान ह्या फुलगांवच्या माणसास मिळाला. संघाचे नायक होते नागपुरास जन्मलेले कर्नल सी. के. नायडू.

जे गेले त्यांना कोणी दोष देऊं नये, असें माझें मत आहे. हिंदुस्थानचें नांव त्या दिवशीं जगाच्या क्रिकेटमध्यें लिहिलें गेलें तें ह्यांच्यामुळें. पण जे गेले नाहींत त्यांनीं काय दिलें, ह्याचा हिशेब आपण नीट केलेला नाहीं. पुढील वर्षीं, डिसेंबर १९३३ मध्यें, इंग्लंडचा संघ इकडे आला आणि हिंदुस्थानांतला पहिला कसोटी सामना बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर झाला. ह्या सामन्यांत हे तिघेहि एका संघांत होते : जय, नवले आणि मर्चंट. लाला अमरनाथ ह्यांनीं ११८ धांवा काढून हिंदुस्थानचें पहिलें कसोटी शतक झळकविलें, आणि तो सामना त्यांच्याच नांवानें लोकांच्या स्मरणांत राहिला. जय ह्यांच्या दोन्ही डावांत मिळून १९ धांवा झाल्या. त्यांचा हा पहिला कसोटी सामना, आणि शेवटचाहि. नवल्यांचा दुसरा आणि शेवटचा. मर्चंटांचा पहिला, आणि ते १९५१ सालापर्यंत खेळले. शेवटच्या कसोटींत, चाळीस वर्षांचें वय झालें असतां, त्यांनीं दिल्लीस १५४ धांवा केल्या.

म्हणजे पाहा, जय आणि मर्चंट ह्यांनीं एकच निर्णय एकाच कारणास्तव घेतला. परंतु विसाव्या वर्षीं दिलेलें एक वर्ष आणि तिसाव्या वर्षीं दिलेलें एक वर्ष हीं सारखीं नव्हेत. मर्चंटांच्या पेटींत पुष्कळ शिल्लक होती. जय ह्यांच्याजवळ जें होतें तेंच त्यांनीं देऊन टाकलें. १९३४-३५ सालीं रणजी करंडकाची स्पर्धा प्रथम झाली, ती मुंबईनें जिंकली तेव्हां मुंबईचे नायक हेच जय होते. तेव्हां त्यांचें कर्तृत्व संपलें होतें असेंहि नव्हे. पण कसोटी सामन्यांच्या कोष्टकांत त्यांच्या नांवापुढें एक सामना व १९ धांवा एवढेंच आहे, आणि तें कोष्टक पाहणाऱ्या आजच्या मुलास वाटावें कीं हा कोणी किरकोळ खेळाडू असेल. कोष्टकांत न खेळलेल्या सामन्यांचा रकाना नसतो.

१९३४ सालीं चौरंगी सामने पुन्हां सुरू झाले. आपण ज्या यंत्रांतून माझा आवाज ऐकत आहां त्याचा प्रवेश ह्याच सुमारास मैदानावर झाला. ए. एफ. एस. तल्यारखान हे गृहस्थ तासन् तास एकटेच मैदानाचें वर्णन मुंबई केंद्रावरून करीत, आणि दुसऱ्या कोणास मधें बोलूं देत नसत, अशी त्यांची ख्याति होती. पुढें हेच तल्यारखान जातवार सामने बंद व्हावेत असें हिरिरीनें लिहूं लागले. १९४० च्या डिसेंबरांत गांधीजींनींहि असेंच मत दिलें : युद्ध चालू आहे, सत्याग्रही तुरुंगांत आहेत, अशा वेळीं हे सामने नकोत, आणि धर्मावरून संघ मुळींच असूं नयेत. त्या वर्षीं हिंदु संघ स्पर्धेंतून बाहेर राहिला. १९४२ च्या आंदोलनांत स्पर्धा भरलीच नाहीं. १९४५-४६ सालीं ती शेवटची झाली, आणि नंतर कायमची बंद पडली. एका वाईट पद्धतीचा शेवट झाला, ह्याचें मला वाईट वाटत नाहीं.

येथपर्यंत मीं सांगितलें तें खेळ थांबविण्याविषयीं. लोकांनीं एका मोठ्या कार्यासाठीं, समजून उमजून, आपला खेळ बाजूस ठेवला. परंतु खेळ थांबण्याचा दुसराहि एक प्रकार आहे. त्यांत कोणी कांहीं ठरवीत नाहीं. माणसें एकमेकांच्या अंगावर जातात आणि मैदान ओसाड पडतें. त्याचें उदाहरण कलकत्त्याच्या फुटबॉलचें.

फुटबॉल म्हटला कीं आपल्या देशांत कलकत्ता. तेथील लीग १८९८ सालापासूनची. १९११ सालीं मोहन बागानच्या खेळाडूंनीं, एकटा सोडून बाकी सगळे अनवाणी, ईस्ट यॉर्कशायर पलटणीच्या संघास दोनास एक असें हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली, ही गोष्ट आपण सर्वांनीं ऐकली आहे. १९३४ ते १९३८ अशीं लागोपाठ पांच वर्षें मोहमेडन स्पोर्टिंग हा संघ लीगमध्यें पहिला आला. हाहि एका धर्माचा संघ खरा, पण त्याचा खेळ पाहण्यास सर्व धर्मांचे लोक जात. १९३० सालीं, सविनय कायदेभंगाच्या दिवसांत, ही लीग पुरी झाली नाहीं; तो मुंबईसारखाच प्रकार होता. परंतु १६ ऑगस्ट १९४६ नंतर कलकत्त्यांत जें घडलें त्यांत मैदानाकडे जाणारा प्रत्येक रस्ता कोणाच्या तरी वस्तींतून जात होता. त्या वर्षीं शील्डचे सामने झाले नाहींत, आणि १९४७ सालची लीग अर्ध्यावर सोडावी लागली. मुंबईंत एल. पी. जय ह्यांना निदान हें तरी ठाऊक होतें कीं आपण काय दिलें आणि कोणासाठीं दिलें. कलकत्त्याच्या त्या वर्षांतल्या खेळाडूजवळ तेंहि समाधान नव्हतें. त्याच्या हातून हंगाम काढून घेतला गेला, आणि तो कोणीं घेतला हें त्यास सांगतां येईना.

त्याच कलकत्त्यांत १८ ऑगस्ट २०२४ रोजीं घडलेली गोष्ट मात्र निराळी आहे. एका सरकारी रुग्णालयांत तरुण डॉक्टर स्त्रीवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली होती आणि शहर खवळलें होतें. ड्युरँड करंडकाच्या स्पर्धेंत मोहन बागान आणि ईस्ट बंगाल ह्यांचा सामना त्या दिवशीं व्हावयाचा होता. बंदोबस्तास पोलीस पुरणार नाहींत ह्या कारणावरून तो रद्द झाला. शंभर वर्षांचें वैर असलेल्या ह्या दोन संघांचे, आणि मोहमेडनचेहि, चाहते त्या संध्याकाळीं बंद मैदानाबाहेर एकत्र जमले आणि त्या मुलीस न्याय मिळावा म्हणून एका सुरांत घोषणा देऊं लागले. पोलिसांनीं लाठ्या चालविल्या. सामना झाला नाहीं. दोन्ही संघांना एकेक गुण देण्यांत आला.

आतां माझ्या स्वतःच्या गोष्टीकडे येतों. जव्हार तालुक्यांतलें वांगणी हें माझें गांव. येथेंच मीं प्राथमिक शाळेंत शिक्षकाचें काम केलें. १९९२-९३ सालीं आमच्या वावर-वांगणीचें नांव महाराष्ट्रभर झालें, तें कुपोषणानें झालेल्या बालमृत्यूंमुळें. मोटारी आल्या, मोठीं माणसें आलीं, छायाचित्रें निघालीं. अशा वर्षीं फुटबॉलचा विषय काढतांना आजहि माझी जीभ अडखळते. परंतु गोष्ट त्याच वर्षाची आहे, आणि ती तशीच सांगितली पाहिजे. लहान भावंडें गेलेल्या घरांतलीं मुलें संध्याकाळीं मैदानावर येत. त्यांना येऊं नका असें मीं सांगावयास हवें होतें काय?

मैदान म्हणजे भात कापल्यावर मोकळीं झालेलीं खाचरें. चेंडू एकच. त्याच्या आंतील ब्लॅडरास जव्हारच्या सायकलच्या दुकानांतून तीनदां ठिगळ लावून आणलेलें. चेंडू बांधावरून घरंगळला कीं खालीं ओहोळापर्यंत जाई, आणि तो आणावयास एक मूल नेहमीं राखून ठेवावें लागे. बूट कोणासहि नव्हते. ह्या मुलांनीं तालुक्याचा सामना जिंकला आणि आम्ही जिल्ह्याच्या सामन्यांस गेलों. तेव्हां आमचा जिल्हा ठाणें होता. पालघर जिल्हा २०१४ सालीं झाला. शुक्रवार, ४ डिसेंबर रोजीं आमचा पहिला सामना झाला आणि आम्ही दोनास एक असा जिंकलों. दुसरा सामना सोमवार, ७ तारखेस, भिवंडीच्या एका उर्दू शाळेच्या संघाशीं होता. दोन्ही संघांची उतरण्याची सोय एकाच शाळेच्या इमारतींत, शेजारशेजारच्या वर्गांत केली होती.

आमच्या संघाचा नायक तेरा वर्षांचा होता. सातवींत होता. त्याच्या बापानें वीटभट्टीच्या शेठकडून उचल घेतली होती. आमच्याकडे दिवाळीनंतर घरेंच्या घरें भिवंडी, कल्याण, वसई ह्या बाजूस भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडीं परत येतात. मुलगा जिल्ह्यास खेळणार म्हणून हा बाप शेठची बोलणीं खाऊन आठ दिवस मागें राहिला होता. मला त्यानें एवढेंच विचारलें होतें कीं, "गुरुजी, ह्यांत पोराचं कांहीं होईल ना?" मीं होय म्हणालों.

रविवारीं, ६ तारखेस, अयोध्येची वार्ता आली. रात्रीं इमारतीचें फाटक बंद झालें. सोमवारीं सामना झाला नाहीं. एस. टी. बंद होती. मुंबईंत काय चाललें आहे तें रेडिओवर थोडें, आणि लोकांच्या तोंडून पुष्कळ, ऐकूं येत होतें. पुढें जानेवारींत पुन्हां पेट घेऊन ह्या दंगलींत एकंदर सुमारें ९०० माणसें मेलीं, हें चौकशी आयोगाच्या अहवालांत आहे. आम्ही दोन दिवस त्या इमारतींत अडकून होतों. शाळेचा शिपाई आणि त्याची बायको दोन्ही वर्गांच्या मुलांस मिळून डाळभात रांधून घालीत.

मंगळवारीं दुपारीं भिवंडीचे शिक्षक माझ्याकडे आले. वयानें माझ्याहून वडील, मराठी स्वच्छ बोलणारे. ते म्हणाले, "गुरुजी, मुलें कंटाळलीं आहेत. फाटक बंदच आहे. आंतल्या अंगणांत अर्धा तास खेळूं द्यावें काय? सामना म्हणून नव्हे. नुसतें."

मीं नको म्हणालों. मुलें ओरडतील, आवाज बाहेर जाईल, उद्यां कोणी म्हणेल कीं आंत भांडण झालें, आणि दोष आपणां दोघांवर येईल, असें कारण मीं सांगितलें. कारण खोटें नव्हतें. त्या दिवसांत अफवेस पाय फुटावयास एवढेंहि पुरलें असतें. त्यांनीं मान हलविली आणि ते परत गेले. परंतु मला खरोखर भीति वाटली ती दुसरीच. आमचीं मुलें आणि त्यांचीं मुलें खेळतां खेळतां एकमेकांस काय म्हणतील, ह्याची मला भीति वाटली. मी त्या मुलांस ओळखत होतों, आणि तरीहि वाटली. आमचा नायक खिडकीचे गज धरून दिवसभर त्या रिकाम्या अंगणाकडे पाहत उभा होता. चेंडू माझ्या पिशवींत होता.

बुधवारीं सकाळीं गाडी सुटली. भिवंडीवरून जातांना आम्ही श्वास रोखून बसलों होतों, कारण १९७० आणि १९८४ सालच्या तेथील दंगली सर्वांच्या लक्षांत होत्या. रस्ते शांत होते. १९९२-९३ सालीं भिवंडी शांत राहिली, ह्याचें श्रेय पोलीस अधिकारी सुरेश खोपडे ह्यांनीं आधींपासून मोहल्ल्यामोहल्ल्यांत बसविलेल्या समित्यांना देतात. दोन्ही समाजांची माणसें त्या समित्यांत एकत्र बसत आणि एकमेकांस नांवानें ओळखत. हें मला पुष्कळ नंतर कळलें. मुंबईंतल्या मोहल्ला समित्यांनीं पुढें तरुणांचे क्रिकेटचे सामने भरविले, असेंहि वाचलें, आणि तेव्हां त्या शिक्षकांची आठवण झाली. माझ्या आधीं तेंच त्यांना सुचलें होतें.

गांवीं परतल्यावर दुसऱ्याच दिवशीं नायकाचें घर कुलूपबंद झालें. मंडळी भट्टीवर गेली. पंधरा दिवसांनीं टपालानें चिठ्ठी आली, कीं उरलेले सामने घेण्यांत येणार नाहींत. ही माझी दीड ओळ. जूनमध्यें हा मुलगा शाळेंत आला नाहीं. मीं त्याच्या घरीं गेलों. बाप म्हणाला, आतां तो विटा थापतो, हात चांगला चालतो. त्यांत रागाचा लवलेशहि नव्हता, आणि म्हणून तें ऐकणें मला अधिक कठीण गेलें.

सामना झाला असता तर तो मुलगा मोठा खेळाडू झाला असता असें मी म्हणत नाहीं. तसें म्हणणें खोटेंपणाचें होईल. कदाचित् सोमवारीं आम्ही हरलों असतों आणि बुधवारीं त्याच गाडीनें परत आलों असतों. परंतु हरून परत येणें आणि न खेळतां परत येणें ह्यांत मुलास फरक कळतो. हरलेलें मूल गाडींत बडबडतें, कोणाची चूक झाली त्यावर भांडतें. त्या बुधवारीं आमच्या गाडींत तीन तास कोणी बोललें नाहीं.

म्हणून क्रीडाधिकाऱ्यांस आणि शाळांच्या चालकांस माझी एक सूचना आहे. कोरोनाच्या सांथींत शाळांचे सामने दोन वर्षें झाले नाहींत. त्या मुलांची वयाची मर्यादा तेवढ्यांत उलटून गेली. सरकारी नोकरभरतींत महाराष्ट्र शासनानें अशा उमेदवारांस वयांत दोन वर्षांची सूट दिली, तें योग्यच झालें. मग खेळणाऱ्या मुलांस ती कां असूं नये? दंगा, संचारबंदी, रोगराई, कारण कांहींहि असो. स्पर्धा अर्ध्यावर थांबली तर पुढील हंगामांत ती होती तेथूनच, त्याच मुलांच्या यादीवर, पुरी करावी. मुलाचें वय वाढलें असेल तर वाढूं द्यावें. त्याचें नांव शाळेच्या पटावरून कमी झालें असेल तर त्याच्या घरीं, किंवा भट्टीवर, निरोप धाडावा. खर्च म्हणजे एस. टी.चें जाण्यायेण्याचें भाडें आणि दोन दिवसांचा डाळभात.

दोन वर्षांपूर्वीं जव्हारच्या एस. टी. स्थानकावर तो मला भेटला. डोक्याचे केस पिकूं लागले आहेत. त्यानें वाकून नमस्कार केला, मुलीचें नांव आश्रमशाळेंत घातलें आहे म्हणून सांगितलें, आणि मग गाडी लागेपर्यंत कांहीं बोलला नाहीं. गाडी लागल्यावर त्यानें विचारलें, "गुरुजी, त्या सोमवारीं खेळलों असतों तर जिंकलों असतों का हो?"

मीं सांगितलें कीं त्यांचा गोलरक्षक उंच होता, शुक्रवारीं मीं त्याचा खेळ पाहिला होता, आपल्याला अवघड गेलें असतें. तो म्हणाला, "डावीकडून मारला असता." आणि गाडींत चढला.